आयपीए म्हणजे काय रे भाऊ? ध्वनिलिपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑडिओबुक वाचणाऱ्यांना नावांचे आणि अडणाऱ्या शब्दांचे उच्चार लिहून देणं हे माझं काम, आणि मी ज्या चिन्हांत ते लिहिते ती बघून लोक हमखास काहीतरी विचारतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदाच सगळी उत्तरं एका जागी लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक टेकवली की झालं. एक गोष्ट आधीच सांगते, चिन्हं इथे काढून दाखवलेली नाहीत, कारण अर्ध्या फोनांवर त्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात आणि मग "ताई काही दिसत नाहीये" असे मेसेज येतात. म्हणून चिन्ह कसं दिसतं ते शब्दांत सांगितलंय. शेजारी तक्ता उघडून बसलात तर उत्तम.

१. आयपीए म्हणजे नक्की काय? (बिअर नाही एवढं माहितीये)

बिअर नाही, आणि कोविडात सॅनिटायझरच्या बाटलीवर जे लिहिलेलं असायचं तेही नाही. इंटरनॅशनल फोनेटिक अल्फाबेट, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी. माणसाच्या तोंडून भाषा म्हणून जे आवाज निघतात ते कागदावर उतरवायची चिन्हं. तत्त्व एकच, एका आवाजाला एक चिन्ह आणि त्या चिन्हाचा कुठेही गेलं तरी तोच आवाज. इंग्रजीत 'सी' हे अक्षर कॅटमध्ये क असतं, सिटीमध्ये स असतं, ओशनमध्ये तर चक्क श होतं, तसले लाड इथे नाहीत. मूळ अक्षरं साधारण १०७, आणि त्यांच्या डोक्यावर, पायाशी, शेजारी लावायच्या बऱ्याच खुणा वेगळ्या.

२. मग 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' हे फोनेटिक अल्फाबेट नाही का? विमानवाले तर तेच म्हणतात.

नाव सारखं, काम वेगळं. ती स्पेलिंग सांगायची पद्धत आहे, रेडिओवर खरखर असताना 'बी' म्हटलं का 'डी' ते कळावं म्हणून. आपण कस्टमर केअरला "पी फॉर पुणे, एन फॉर नागपूर" सांगतो तेच, फक्त विमानवाल्यांचं १९५६ पासून जगभर ठरलेलं आहे. गंमत म्हणजे त्यात उच्चाराचा विचार मात्र भरपूर केलाय, अल्फा मुद्दाम 'एफ' घालून लिहितात कारण 'पीएच'चा फ होतो हे सगळ्यांनाच माहीत नसतं, आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन 'टी' घालतात कारण एकच ठेवला तर फ्रेंच माणूस तो खाऊन टाकेल. पण त्यात आवाज लिहिला जात नाही, अक्षराचं नाव सांगितलं जातं. इथून पुढे सगळं आयपीएबद्दलच आहे.

३. देवनागरीत जसं लिहितो तसंच बोलतो, मग आपल्याला हे हवंच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बऱ्याचदा जरा रागानेच येतो. इंग्रजीच्या मानाने आपली लिपी खूपच सरळ आहे, मान्य. पण "जसं लिहितो तसंच" हे आपण लहानपणापासून ऐकलंय म्हणून खरं वाटतं, कान देऊन ऐकलं की भोकं दिसायला लागतात.

'घर' लिहिताना र पूर्ण लिहितो, बोलताना तो पाय मोडलेला असतो. 'बसला' लिहितो, 'बस्ला' बोलतो. म्हणजे लिहिलेला अ कुठे म्हणायचा आणि कुठे गिळायचा हे लिपी सांगत नाही, ते आपल्याला मराठी येते म्हणून येतं. (अभंग म्हणताना हाच गिळलेला अ परत बाहेर येतो, ऐकून बघा.) अनुस्वाराचं तर विचारूच नका, गंगा, चंचल, खंड, वंदन, चंपा, पाचही ठिकाणी टिंब एकच आणि आवाज पाच. 'संसार' आपण सौंसारच्या जवळपास कुठेतरी म्हणतो, 'सिंह'चा सिंव्ह होतो, यातला तो व लिहिलाय का कुठे? 'ऋ' लिहितो, 'रु' म्हणतो. श आणि ष शाळेत वेगळे शिकवले पण बोलताना वेगळे काढणारा माणूस शोधून दाखवा. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीवरून तर आपण आयुष्यभर मार्क घालवलेत, पण 'दिन' आणि 'दीन' रोजच्या बोलण्यात कानाने ओळखून दाखवा बरं, लिहिलेलं न बघता.

आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे च आणि ज, त्याला वेगळा प्रश्नच दिलाय, पुढचा.

४. 'चार' आणि 'चार' यात फरक काय? आमच्या अमराठी सुनेला कसं समजावू?

एक चार म्हणजे आकडा. दुसरं 'चार' म्हणजे 'गुरांना चार' मधलं, चारणे. मराठी माणूस दोन्ही वेगळे म्हणतो आणि विचारलं तर म्हणतो, हो की, खरंच वेगळे आहेत. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांमागे लागते आणि त्स असा काहीसा आवाज येतो. तसंच 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग!' म्हणजे जगून घे. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहिताना डिट्टो सेम.

आयपीएत हे सरळ वेगळे दिसतात. दातांमागचा च म्हणजे 'टी' आणि 'एस' शेजारी शेजारी आणि दोघांच्या डोक्यावरून एक कमान, म्हणजे हा एकच आवाज आहे असं समजायचं. टाळूचा च लिहिताना कमानीखाली 'टी' आणि शेपटीला गाठ मारलेला 'सी'. ज आणि झचं तसंच, फक्त 'टी'च्या जागी 'डी' आणि पुढचं अक्षर घोष, म्हणजे घसा थरथरवून काढायचं.

सुनेला सांगायचे ठोकताळे असे. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर नेहमी टाळूचाच, चिमणी, चेहरा, जीभ, झेप. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर टाळूचा, चंद्र, चरण, जल. इंग्रजीतून आला असेल तरी टाळूचा, चॉकलेट, जॅकेट. उरलेले घरचे शब्द बहुतेक दातांमागचे, चाक, चूल, चोर, जाड, झाड, आणि फारसीतून आलेले जोर, जमीन पण तिकडेच. म्हणूनच 'माझा' आणि 'माझं' एका तऱ्हेने आणि 'माझी', 'माझे' दुसऱ्या तऱ्हेने, एकाच सर्वनामाच्या आत जीभ जागा बदलते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता अपवाद. आकडा 'चार' घरचा शब्द असून टाळूचा का, तर पूर्वी तो 'च्यार' होता, लिहायचेही तसा, तो य निघून गेला पण जीभ तिथेच राहिली. 'चहा'सुद्धा टाळूचा. आणि छला जोडीदारच नाही, तो कायम टाळूचा. काही कोशांत आणि मराठी शिकवायच्या पुस्तकांत दातांमागच्या चखाली नुक्ता देतात, पण रोजच्या लिहिण्यात कोणीच देत नाही.

५. हे काढलं कोणी?

शिक्षकांनी. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी नावाच्या फ्रेंच माणसाने भाषाशिक्षकांची एक संघटना काढली, उद्देश हा की पोरांना परकी भाषा शिकवताना स्पेलिंगच्या आधी उच्चार शिकवावा. सगळ्या भाषांना चालेल अशी एकच लिपी करा हे डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सनने सुचवलं, आणि १८८८ मध्ये पहिला तक्ता छापला. इंग्लंडचा हेन्री स्वीट, नंतर डॅनियल जोन्स, ही मंडळी त्यात होती. वेड किती, तर संघटनेचं स्वतःचं नियतकालिक १९७० पर्यंत अख्खंच्या अख्खं ध्वनिलिपीत छापायचे, बातम्यासुद्धा.

त्याआधीही प्रयत्न झालेच होते. फोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या वडिलांनी, मेलव्हिल बेलनी, १८६७ मध्ये अशी लिपी छापली की अक्षराचा आकारच जीभ-ओठ कुठे आहेत ते दाखवेल. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायला ती वापरली गेली पण छापायला महाभयंकर, त्यामुळे टिकली नाही. आयपीए टिकली कारण ती आळशी होती, होती तीच रोमन अक्षरं उलटी केली, शेपट्या लावल्या, झालं. छापखान्यात 'ई'चा खिळा उलटा बसवला की नवीन अक्षर तयार, फुकट.

नंतर बऱ्याचदा दुरुस्त्या झाल्या, त्यातली मोठी १९८९ मध्ये जर्मनीत कील इथे. शेवटचं नवं अक्षर आलं २००५ मध्ये, खालचा ओठ वरच्या दातांवर फटकन आपटून काढायच्या एका आवाजासाठी, तो मध्य आफ्रिकेतल्या भाषांत सापडतो.

६. पण हे तर आपल्या वर्णमालेवरूनच उचललंय ना?

अक्षरं नाही उचललेली. कल्पनेचं नातं मात्र आहे, आणि उगाच छाती फुगवायला म्हणून सांगत नाहीये. आयपीएचा व्यंजनांचा तक्ता बघा, आडव्या बाजूला उच्चाराची जागा, ओठ, दात, टाळू असं करत घशापर्यंत. उभ्या बाजूला आवाज कसा काढला, हवा पूर्ण अडवली का, नाकातून सोडली का, घासून सोडली का. प्रत्येक चौकोनात डावीकडे अघोष, उजवीकडे घोष. हे म्हणजे स्थान आणि प्रयत्न. प्रातिशाख्यं आणि शिक्षा, म्हणजे वेदांचे उच्चार शिकवणारे जुने ग्रंथ, लिहिणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं, फक्त ते घशाकडून ओठांकडे यायचे, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, आणि आयपीएवाले ओठांकडून आत जातात. तक्ता आरशात धरल्यासारखा दिसतो.

१९व्या शतकात हे ग्रंथ युरोप-अमेरिकेत पोचायला लागले, व्हिटनी या अमेरिकन पंडिताने १८६२ मध्ये अथर्ववेदाच्या प्रातिशाख्याचं भाषांतर केलं, आणि घोष-अघोष हा भेद तिकडच्या लोकांना नीट उमगायला या वाचनाने मोठी मदत झाली हे तिकडचे अभ्यासकही मोकळेपणाने मान्य करतात. चोरी नाही. शेजारच्या वहीत डोकावून मग स्वतःचं गणित सोडवलं, असं म्हणू फार तर.

७. सगळी शंभर चिन्हं पाठ करावी लागतात का?

अजिबात नाही. इंग्रजीसाठी शिकताय तर ब्रिटिश उच्चाराला ४४ आवाज धरतात, २४ व्यंजनं आणि २० स्वर, आणि त्यातली निम्मी चिन्हं साधी रोमन अक्षरंच आहेत. दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं. मी तर म्हणते एकच चिन्ह आधी शिका, उलटा 'ई'. याला श्वा म्हणतात, हा आपल्या अच्या अगदी जवळचा, आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच आहे. 'बनाना'मधला पहिला आणि शेवटचा स्वर, 'डॉक्टर'मधला शेवटचा. आपण स्पेलिंग बघून सगळीकडे ठणठणीत आ नाहीतर ओ लावतो आणि मग आपली इंग्रजी ठोकळेबाज वाटते, त्याचं निम्मं कारण हा श्वा.

८. डिक्शनरीत 'येस'च्या पुढे 'जे' अक्षर का छापलंय? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. आयपीएत 'जे' म्हणजे य. जर्मन लोक 'जे'चा य करतात, तिकडून आलंय. नवीन माणूस हमखास पडतो असे अजून खड्डे म्हणजे 'वाय', याचा आवाज ओठांचा चंबू करून ई म्हटलं की येतो तो, फ्रेंचमध्ये सापडेल. 'सी' हा ना क ना स, आणि नेमका आपला चही नाही. 'एक्स' म्हणजे उर्दूवाल्यांचा घासलेला ख. साधा 'आर' म्हणजे थरथरवलेला र्र्र, इंग्रजी र लिहायला 'आर' उलटा करतात आणि आपला मराठी र म्हणजे गळासारखा वाकलेला 'आर'. कॅपिटल अक्षरं तर नसतातच, वाक्याची सुरुवात असो की माणसाचं नाव.

९. कधी तिरक्या रेघांत लिहितात, कधी चौकोनी कंसात. काय फरक?

तिरक्या रेघांत लिहिलं की अर्थ बदलणारे फरक तेवढेच लिहायचे. चौकोनी कंसात तोंडात खरोखर जे झालं ते सगळं. प्रश्न ३ मधला अनुस्वार घ्या, 'गंगा'मधला नाकातला आवाज घशाजवळचा आणि 'वंदन'मधला दातांजवळचा, पण पुढच्या अक्षरावरून तो आपोआप ठरतो, त्यामुळे तिरक्या रेघांत दोन्हीकडे नुसता 'एन' टाकला तरी मराठी माणसाचं काही अडत नाही. चौकोनी कंसात मात्र गंगाला शेपूट आत वळलेला 'एन' लागेल.

हा फरक भाषेभाषेत बदलतो, आणि मला स्वतःला खरी मजा यातच वाटते. इंग्रजी 'पिन'मधला प हा थोडा हवा सोडून म्हणतात, जवळजवळ आपल्या जुन्या ओठांच्या फसारखा, आणि 'स्पिन'मधला प कोरडा. इंग्रज माणसाला हे दोन प वेगळे ऐकूच येत नाहीत, तो म्हणेल एकच आहे. आपल्याला मात्र 'पळ' आणि 'फळ' हे वेगळे शब्द आहेत, हवा सोडली की अर्थ बदलला. म्हणून इंग्रजीच्या तिरक्या रेघांत ती बारीक वरची 'एच' नसते, मराठीच्यात असते.

१०. इंग्रजी 'टी' म्हणजे त का ट?

दोन्ही नाही. तची जीभ दातांना, टची जीभ मागे वळून टाळूला, आणि इंग्रजीची मधे, वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर. आपल्या कानाला ती टच्या जवळची वाटली म्हणून टेबल, टिकीट, टमाटा. आयपीएत साधा 'टी' म्हणजे हा मधला, खाली छोटा पूल (खालून उघडी चौकट) लावला की त, आणि उजवीकडे शेपूट लावली की ट.

११. मुलगी अमेरिकेत वाढतेय, ळ येत नाही, बाळला बाल म्हणते. आणि र पण अमेरिकन. आयपीएचा काही उपयोग?

सहा वर्षांच्या पोरीला तक्ता दाखवू नका, तो तुम्ही बघा. अशा मुलांच्या पालकांना मी सांगते ते असं. ळ म्हणजे जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि बाजूने हवा सोडत फटकन पुढे आपटायची. तक्त्यात त्याला उजवी शेपूट लावलेला 'एल' वापरतात, पण मराठीत दोन स्वरांच्या मधे तो लागून राहत नाही, झटक्यात सुटतो, हा झटकाच शिकवायचा असतो. "ल म्हण पण जीभ वर वळव" एवढंच सांगितलं तर जड, अडकलेला ल निघतो.

रची मात्र सोपी युक्ती आहे. अमेरिकन लोक 'वॉटर', 'बटर' म्हणताना मधला 'टी' जो काढतात तो आयपीएत अगदी आपल्या रच्याच चिन्हाने लिहितात, तो गळासारखा 'आर'. म्हणजे तुमच्या मुलीला मराठी र येतो, तो र आहे हे तिला माहीत नाही एवढंच. 'बटर' भराभर म्हणायला लावा, मधला आवाज पकडा, आणि तिथून 'बरा' म्हणवून घ्या.

१२. 'ज्ञ'चा खरा उच्चार कोणता? द्न्य का ग्य?

मराठीत द्न्य, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न, आणि संस्कृतात लिहिताना ज आणि ञ. आयपीए यातला "खरा" कोणता ते सांगत नाही, कोणी काय म्हटलं ते लिहिते. ध्वनिलिपी म्हणजे साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. त्यामुळे भांडण मिटवायला मला टॅग करू नका प्लीज.

१३. पासपोर्टवरचं स्पेलिंग, संस्कृत पुस्तकातली ती टिंबं-रेघांची रोमन लिपी आणि आयपीए, सगळं एकच ना?

तीन वेगळ्या गोष्टी. टिंबं-रेघांची ती आयएएसटी, १८९४ च्या जिनिव्हातल्या प्राच्यविद्या परिषदेत तिची मुळं आहेत, आणि २००१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी आयएसओ १५९१९ हे प्रमाण आलं तेही त्याच घराण्यातलं. या पद्धती अक्षराला अक्षर देतात, आवाजाला नाही. म्हणजे 'ज्ञानेश्वर' त्यात 'जे'ने सुरू होतो आणि शेवटचा अ पण लिहितात, कारण देवनागरीत तो आहे. पासपोर्टवर तोच माणूस 'डी'ने सुरू होतो, कारण तिथे कानाने अंदाज बांधलेला असतो. आयपीएत तो मराठी बोलणारा म्हणेल तसा.

गोव्यात गेलात की हा घोळ पाट्यांवर दिसतो. रोमन पाटीवर 'मापुसा' आणि 'सिओलिम' वाचतो ते म्हापसा आणि शिवोली म्हणायचं असतं. तिकडच्या जुन्या स्पेलिंगमध्ये गावांच्या नावाच्या शेवटी जो 'एम' असतो, पणजीच्या जुन्या स्पेलिंगमध्येही होता, तो म म्हणायचा नसतोच, पोर्तुगीज पद्धतीत तो सांगतो की आधीचा स्वर नाकातून काढा. आपण रोमन बघून इंग्रजी समजतो आणि बिनधास्त 'पंजिम' म्हणतो.

१४. 'माझं', 'केलं' वरचं टिंब नाकात म्हणायचं का?

प्रमाण बोलण्यात नाही. तिथे ते टिंब एवढंच सांगतं की शेवटचा अ गिळू नका, उलट जरा लांबवा. टिंब काढून 'माझ' लिहिलं तर आपण सवयीने शेवटचा अ खाऊ (प्रश्न ३). म्हणजे नाकाची खूण लांबीच्या कामाला लावलीये. आयपीएत उलटा 'ई' आणि पुढे लांबीची खूण, बस. गोव्याच्या कोंकणीत मात्र नाकातले स्वर खरोखर वेगळे मोजले जातात, तिथे अक्षरावर नागमोडी रेघ द्यावीच लागते.

१५. दर्या आणि दऱ्या यात नुसता लिहिण्याचा फरक आहे ना?

नाही हो, बोलण्याचा आहे, आणि यासाठी आपल्या लिपीला शंभर पैकी शंभर. दर्या म्हणजे समुद्र, त्यात दवर जोर येतो, 'दर्' आणि 'या' असे दोन तुकडे पडतात. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, त्यात द हलकाच राहतो आणि 'ऱ्या' एकत्र जातो. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं, गफलत झाली तर पंचाईत. आयपीएत हे एका पूर्णविरामाने दाखवतात, तुकडा जिथे पडतो तिथे टिंब, पहिल्यात रनंतर, दुसऱ्यात रच्या आधी.

१६. दोन डिक्शनऱ्यांत एकाच शब्दाला वेगवेगळी चिन्हं का? मग 'एक आवाज एक चिन्ह' कुठे गेलं?

वाजवी तक्रार आहे. एक कारण म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारच वेगळे. दुसरं कारण असं की तिरक्या रेघांत लिहिताना (प्रश्न ९) किती बारीक लिहायचं हे लिहिणाऱ्यावर असतं. डॅनियल जोन्सच्या जुन्या पद्धतीत 'सीट' आणि 'सिट' मधला फरक नुसत्या लांबीच्या खुणेने दाखवायचे, पुढे गिमसन या ब्रिटिश ध्वनितज्ज्ञाने दोघांना वेगळी अक्षरंच दिली कारण जीभेची जागाही वेगळी असते. बऱ्याच अमेरिकन डिक्शनऱ्या तर आयपीए वापरतच नाहीत, त्यांची स्वतःची पद्धत असते. म्हणून डिक्शनरीच्या पहिल्या पानांत जी किल्ली दिलेली असते, जी आपण कोणी कधीच वाचत नाही, ती वाचा.

१७. आमच्या गावाकडे 'पानी' म्हणतात. ते पण ध्वनिलिपीत लिहायचं का शुद्ध करून?

लिहायचं तर 'पानी'च लिहायचं! शुद्ध करून लिहिलं तर लिहिलंत कशाला. ण आणि न वेगळे नसणं ही त्या बोलीची रचना आहे, जीभ चुकली असं नाही. बोलींचं सर्वेक्षण, आपल्याकडे डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं केलंय तसं, त्यात सगळा जीव यावरच असतो, आजी जसं बोलली तसं. बोलण्याची थेरपी देणारेही मूल नेमकं कुठे अडकतंय ते असंच टिपतात, त्यांच्यासाठी १९९० पासून जास्तीच्या चिन्हांचा एक वेगळा संचच आहे.

१८. वाईट वाटलं की आपण 'च्च च्च' करतो, त्याला चिन्ह आहे का?

आहे. एक उभी रेघ. हवा आत ओढून दातांमागे काढलेला तो क्लिक. बैलांना हाकताना गालाच्या बाजूने जो आवाज काढतात त्यालाही आहे, दोन उभ्या रेघा. आपल्यासाठी ही नुसती हळहळ आणि हाकाटी, पण दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत ही सरळ व्यंजनं आहेत, क-ख-गसारखी, शब्दांच्या मधे येणारी. 'खोसा' या नावातच पहिलं अक्षर म्हणजे ते बैल हाकायचं क्लिक. आपण ख म्हणून भागवतो.

१९. टाइप कसं करायचं?

ऑनलाइन आयपीए कीबोर्ड भरपूर आहेत, चिन्हावर क्लिक करा, कॉपी करा, पेस्ट करा. युनिकोडमध्ये सगळी चिन्हं आहेत त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अर्थ बदलत नाही, पण फॉन्टमध्ये ती असायला हवीत, एसआयएल या संस्थेचे चॅरिस आणि डूलोस हे फॉन्ट फुकट मिळतात. अधिकृत तक्ता क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहे, क्रेडिट देऊन छापून भिंतीवर लावा खुशाल. लांबीची खूण म्हणून कीबोर्डवरचा विसर्ग दाबू नका, ती दोन छोट्या त्रिकोणांची असते. आणि आघाताची उभी रेघ ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी येते, नंतर नाही.

साध्या कीबोर्डवरच लिहायचं असेल तर एक्स-सॅम्पा शिका, जॉन वेल्सनी १९९५ मध्ये केलेली, कॉम्प्युटरला कळणारी साधी अक्षरं वापरून अख्खा तक्ता बसवलाय. अमेरिकन इंग्रजीपुरतं आर्पाबेट आहे, १९७०च्या दशकातलं, आवाज ओळखायच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ते अजून लागतं.

२०. मराठी मजकूर टाकला की आपोआप आयपीए देणारं सॉफ्टवेअर नाही का?

आहेत, ऐंशी टक्के तर कोणीही बरोबर देईल असं वाटतं, आणि मग ते प्रश्न ४ पाशी येऊन आपटतं. 'चार' कुठला ते वाक्य समजल्याशिवाय कळत नाही. अ कुठे गिळायचा त्याचे नियम लिहिता येतात पण जोडशब्द आला की गडबड. नॅव्हिगेशनवाली बाई जुन्नर आणि जळगाव कसं म्हणते ऐकलंय ना, टाळूला जीभ चिकटवून, तेच हे. मशीनकडून काढा आणि मग कानाने तपासा.

२१. माझ्या नावाचं आयपीए करून द्याल का? टॅटू काढायचाय.

देते. उदाहरणार्थ 'पराग' म्हणजे 'पी', उलटा 'ई', गळासारखा 'आर', 'ए', लांबीची खूण, 'जी', आणि शेवटी काही नाही, कारण शेवटचा अ आपण म्हणत नाही. पण नाव टाइप करून पाठवू नका, विशेषतः त्यात च, ज, ऋ किंवा ज्ञ असेल तर. मृण्मयी असाल तर घरी 'म्रु' म्हणतात का 'म्रि' ते मला स्क्रीनवरून कसं कळणार. व्हॉइस नोट पाठवा, आणि शक्यतो आईच्या आवाजात, तुम्ही स्वतःचं नाव सांगताना उगाच नीट सांगता.